गुडघ्यावरची पाच बोटं

सामना संपून दहा मिनिटं झाली, जिंकलेल्या पोरींचा आरडाओरडा बाहेर पायऱ्यांवर पोचला, तरी शिट्टीसर बाकावरच बसून होते. डावा हात डाव्या गुडघ्यावर होता. कुणाचा तरी डबा चुकून आपल्याकडे राहावा, तसे ते त्या हाताकडे बघत होते.

शिट्टीसर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण अठ्ठावीस वर्षं हायस्कूलच्या मुलींना व्हॉलीबॉल शिकवल्यावर खरं नाव उरतं ते फक्त कागदोपत्री. दातांच्या डॉक्टरीणबाईंपासून शाळेची बस चालवणाऱ्या बाईपर्यंत निम्म्या शहराला त्यांनी कधी ना कधी मैदानाभोवती पळवलं होतं, आणि नवल म्हणजे त्याबद्दल कुणाच्या मनात राग नव्हता. कुणाच्या बुटाची नाडी तुटली, तर सर स्वतःची काढून द्यायचे आणि दिवसभर फटक फटक चालायचे. कुणाच्या घरी भांडण पेटलं, तर ती पोर सरांच्या घरी जेवायला. सरांच्या बायकोने तर मोजणंच सोडलं होतं. ताट एक जास्तीचं मांडायचं, बसेल ती आपली.

आता त्या हाताचं. सर्व्हिस करण्याआधी त्यांच्या टीमची मुलगी बाकाकडे बघायची आणि सर डाव्या गुडघ्यावर बोटं ठेवायचे. मैदानाचे सहा भाग. दोन बोटं म्हणजे बॉल दोनला. पाच म्हणजे पाचला, पलीकडच्या डाव्या मागच्या कोपऱ्यात. सहाला मूठ. समोरच्या कोचला दिसू नये म्हणून खांदे जरासुद्धा हलवायचे नाहीत. ही विद्या घरीही चालायची. मागच्या गल्लीत खडूने सहा चौकोन आखून सरांनी स्वतःच्या लेकीला आठ वर्षं रोज संध्याकाळी त्याच बोटांवर वाढवलं होतं.

पण लेक मात्र नदीपलीकडच्या शाळेत. नियम सरांचाच: आपलं पोर आपल्या टीममध्ये नको. लोक नावं ठेवतील. लेक त्यावर महिनाभर बोलली नव्हती.

आणि आज अंतिम सामन्यात दोन्ही शाळा समोरासमोर. पाचवा सेट, चौदा-तेरा, लेकीच्या टीमला एक पॉइंट हवा, सर्व्हिस लेकीची. सरांच्या टीमच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात उभी होती पिटुकली, सगळ्यांत बुटकी आणि सगळ्यांत चिवट. तिचा खांदा दोन दिवसांपूर्वी दुखावला होता. जर्सीच्या आत पट्ट्या होत्या, ते फक्त तिला आणि सरांना ठाऊक. खेळू द्या म्हणून तिने इतकं डोकं खाल्लं होतं की सर विरघळले. लेकीने बॉल दोनदा आपटला, मान वर करून बाकाकडे बघितलं. बॉल गेला तो थेट पाचला. पिटुकलीच्या हाताला लागून भिंतीवर. खेळ खलास.

तेव्हा सरांनी खाली बघितलं. पंजा गुडघ्यावर, पाचही बोटं पसरलेली.

ही खूण होती, की दमलेल्या माणसाने गुडघ्यावर टेकलेला नुसता हात होता? सरांना काही केल्या आठवेना. हात कधी ठेवला? ती बघायच्या आधी की नंतर? सर्व्हिसला उभी राहिलेली पोर बघते आणि आपली बोटं हलतात, हे इतक्या वर्षांचं वळण. त्यात ही पोर कोणत्या टीमची हे हाताने विचारलं होतं का? डोक्याचा नुसता भुगा झाला.

कपडे बदलायच्या खोलीत पिटुकली कोपऱ्यात तोंड फिरवून रडत होती. "सर, माझ्यामुळे गेलं," ती हुंदके देत म्हणाली. "मीच हट्ट केला. सगळ्यांचं वाटोळं केलं मी."

"नाही गं," सर म्हणाले. तुझ्यामुळे नाही म्हणावं, तर मग कुणामुळे? खूण केली असेल, तर बारा पोरींना स्वतःच्या हाताने बुडवलं, आणि वर लेकीचं जिंकणंही नासवलं. केली नसेल, तर उगाच तोंड उघडून तेच होणार. त्यांनी पिटुकलीच्या डोक्यावर हात ठेवला, मग तो डावाच आहे हे बघून घाईने मागे घेतला.

घरी आले तर बायको ओट्यापाशी उभी राहून कांदा चिरत होती. सरांनी बूटसुद्धा काढले नाहीत. "शेवटच्या सर्व्हिसला तू माझ्याकडे बघत होतीस का?"

"सामन्याला मी कशाला जाते? नवऱ्याकडे बघायलाच. घरी कुठे दिसता?"

"चेष्टा नको. माझा हात काय करत होता?"

"गुडघा चोळत होतात बहुतेक. दुखतो ना तो." चाकू जरा थांबला. "हाताचं नक्की नाही सांगता येणार. पण बॉल पडला तेव्हा तुम्ही अर्धे उठला होतात. टाळी वाजवायला."

हे तर सरांना मुळीच आठवत नव्हतं.

तेवढ्यात लेक आली, गळ्यात मेडल, आवाज ओरडून बसलेला. सरांनी तिला धड अभिनंदनही केलं नाही. "पाचला का टाकलीस?"

"म्हणजे काय? ती पिटुकली प्रत्येक बॉलनंतर खांदा धरून उभी राहत होती. आंधळ्यालाही दिसलं असतं."

"त्याआधी माझ्याकडे बघितलंस."

"तुमच्याकडे? स्कोअर बघितला मी. फळा तुमच्या डोक्यावरच आहे." ती थबकली. मग तिचा चेहरा हळूहळू उतरला. "बाबा, तुम्ही खूण केलीत मला?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"म्हणजे खरंच माहीत नाही गं. हात तिथे होता."

लेकीने मेडल काढून टेबलावर ठेवलं. "टीममध्ये घेतलं नाहीत, मी गप्प बसले. आज ठरवून आले होते, तुमच्याकडे ढुंकून बघायचं नाही. ती सर्व्हिस माझी आहे, बाबा. तुमचं बोटसुद्धा नाही तिच्यात." तिचे डोळे भरले. "तुम्हाला एवढंही सहन होत नाही का?"

"मला वाटलं, पिटुकलीला सांगायला हवं," सर चाचरत म्हणाले.

"काय सांगणार? माहीत नाही हे?"

पण ती कोपऱ्यात रडणारी पोर डोळ्यांसमोरून हलेना. सर आल्या पावली बाहेर पडले.

पिटुकलीचं घर दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात सायकली, कपडे वाळत टाकलेली दोरी, अजून उजेड होता. दार तिनेच उघडलं. खांद्यावर बर्फाची पिशवी, डोळे सुजलेले.

"पोरी, शेवटच्या सर्व्हिसचं एक सांगायचंय," सर उभ्या उभ्याच म्हणाले. "माझा हात..."

"मी बघितला, सर."

सरांनी डावा हात पाठीमागे नेला.

"मी पण बघते ना नेहमी तुमच्या हाताकडे. पाच दाखवलंत. म्हटलं, सर मला सांगताहेत. बॉल तुझ्याकडे येतोय, तयार राहा." तिने बर्फाची पिशवी खांद्यावर घट्ट दाबली. "तुम्ही आधी सांगूनसुद्धा मला तो उचलता आला नाही, सर. हे कसं विसरू मी?"

सर दाराची चौकट धरून उभे राहिले. असंही असू शकेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. कदाचित हात खरंच तिच्यासाठीच बोलला असेल. आपल्या पोरीला सावध केलं, यात पाप कुठलं? नुसतं हो म्हटलं की सुटका. सरांची सुटका. हिची मात्र नाही. सरांनी सांगूनही मी चुकले, हे ही पोर जन्मभर उराशी धरून बसणार.

खरं काय, ते त्यांना अजूनही ठाऊक नव्हतं.

"ते तुझ्यासाठी नव्हतं," ते म्हणाले. "समोर माझी लेक होती. तिच्यासाठी होतं. तिने बघितलं नाही, ती तिच्या हिमतीवर जिंकली. पण मी केलं. तू दुखऱ्या खांद्याने माझ्यासाठी उभी होतीस, आणि मी तिला तुझा कोपरा दाखवला."

पिटुकलीचं रडं थांबलं. ती त्यांच्याकडे बघत राहिली. अठ्ठावीस वर्षांत एकाही पोरीने सरांकडे असं बघितलं नव्हतं. "तुम्ही, सर?" ती म्हणाली.

"हो."

तिने दार लावून घेतलं. आपटलं नाही, सावकाश लावलं, आतून कडी घातली. सर जिन्यात उभे राहून ऐकत होते. आत ती आईला काहीतरी सांगत होती, मोठ्याने, संतापून, आणि तिच्या आवाजात आता रडण्याचा मागमूसही नव्हता.