गाडी फक्त आण्णांनाच नडायची

ज्ञानदेव बराट्यांची, म्हणजे आण्णांची, गाडी सुरू व्हायची तेव्हा एका झटक्यात व्हायची आणि नाही म्हटलं की नाहीच. दिवे लागायचे, हॉर्न वाजायचा, इंजिन तेवढं ढिम्म. किल्ली पुन्हापुन्हा फिरवली की मग एकदम, काही झालंच नाही अशा थाटात सुरू.

एरवी हे कोणी फारसं मनावर घेतलं नसतं. पण त्यांच्या बायकोला, सुशीलाबाईंना, आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी सदाशिव पेठेत न्यावं लागे. उशीर झाला की दवाखानेवाले मशीन दुसऱ्या पेशंटला देऊन मोकळे. रिक्षाच्या धक्क्यांनी त्यांना उलट्या व्हायच्या, आणि मुलगी श्रद्धा रोज हिंजवडीत अडकलेली. म्हणजे नवरा आणि गाडी, या दोघांवरच त्यांचं सगळं चाललं होतं.

मग निदान सुरू झालं. कर्वेनगरात त्यासाठी गाडीतलं कळावं लागत नाही, मत असलं की पुरतं, आणि ते सोसायटीत प्रत्येकाकडे होतं. बॅटरी बदलून झाली. टर्मिनल घासून झाली. उत्तरेश्वर इलेक्ट्रिशियनने स्टार्टर उतरवून पुन्हा चढवला, फ्यूज तपासले, आणि गाडीत काही दोष नाही असं सांगून तो निघून गेला. त्याला काही येत नाही, असं आण्णांनी जाहीर केलं.

शेवटी शुक्रवारी श्रद्धाने रजा टाकली. ती सॉफ्टवेअर टेस्टर. ‘कधी होतं, कधी होत नाही’ ही तक्रार तिच्या रोजच्या पोटापाण्याची. अशा वेळी एकदम दहा उपाय करायचे नसतात, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची असते. सकाळभर ती पार्किंगमध्ये तेच करत बसली. इंजिन थंड असताना, तापल्यावर, एसी लावून, दुसरी किल्ली घेऊन. गाडी दरवेळी सुरू झाली. आता बदलायचा राहिला होता फक्त चालवणारा.

तिने आण्णांना खाली बोलावलं. त्यांनी नेहमीप्रमाणे चपला दाराबाहेर काढल्या आणि मग आत बसले. बराटे मूळचे कर्वेनगरचेच शेतकरी. त्यांच्या घरात पेरणीच्या तिफणीला कधी कोणी चप्पल लावली नाही, तशी गाडीलाही नाही. शेतं जाऊन बिल्डिंगी आल्या, तरी हा नेम तेवढा उरला होता.

आण्णांनी किल्ली फिरवली. काही नाही.

“बघ,” ते म्हणाले. त्यांना बरंच वाटलं असावं. “आता बोल.”

“क्लच पूर्ण दाबलाय ना? त्याशिवाय ही सुरू होत नाही.”

“ट्रॅक्टरवर हयात गेली माझी. आता तू मला क्लच शिकवतीस व्हय? तळाला टेकलाय.”

श्रद्धाने दार उघडलं, खाली उकिडवी बसली आणि मोबाईलचा टॉर्च आत धरला. क्लच अर्ध्यावरच होता.

“आण्णा, अजून दाबा.”

“अगं, दाबलाय की पुरता.”

ते थट्टा करत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मग तिला मॅटवर ओला डाग दिसला. ऑइल असेल म्हणून तिने बोट लावलं, तर बोट लाल. तिने त्यांचा डावा पाय हळूच उचलून तळवा उजेडात धरला. टाचेच्या जरा पुढे एक स्क्रू पार डोक्यापर्यंत रुतलेला होता. फ्यूज बघायला उत्तरेश्वरने स्टीअरिंगखालचं झाकण उघडलं होतं, त्याचाच स्क्रू. भोवतालची कातडी पांढरी पडून सुटली होती आणि जखमेला वास येत होता. हे आजचं नव्हतं.

या पायाने ते घरभर वावरले होते, जिने चढले होते, आईला घेऊन दोनदा दवाखान्यात जाऊन आले होते. शुगर वाढलीय म्हणून डॉक्टर वर्षानुवर्षं ओरडत होते आणि आण्णा चहात साखर ढवळत होते.

लिफ्टचं दार वाजलं. सुशीलाबाई डायलिसिसची पिशवी घेऊन भिंतीच्या आधाराने येत होत्या. “झाली का गं सुरू?” त्यांनी लांबूनच विचारलं.

श्रद्धाने उजेड आण्णांच्या उजव्या पायावर वळवला. तो ब्रेकवर होता. कर्वे रस्त्याच्या गर्दीत आईला घेऊन जाताना गाडी थांबवायची ती याच पायाने. तिने त्याचा अंगठा धरला आणि डोळे मिटून, असेल नसेल तेवढा जोर लावून त्यात नख रुतवलं.

“आण्णा, मी आत्ता काय करतेय?”

“काय करणार, वायर बघतीयस,” आण्णा वरून म्हणाले. “घावली का?”