पहिली फेरी आप्पांची

अंकुशने कॉलनीतल्या अरुंद गल्लीच्या टोकाला गाडी वळवायला घेतली आणि अर्ध्या वळणातच दोन्ही पाय खाली टेकले. नवी क्रूझर बाईक बुटकी, लांबलचक आणि वजनदार. एका दमात ती काही वळेना. थोडी मागे ढकल, थोडी पुढे ढकल, असं करत तिसऱ्या खेपेला तिचं तोंड एकदाचं घराकडे झालं.

गेटपाशी उभ्या असलेल्या रणजीतला बरं वाटलं. धाकट्या भावाची फजिती बघून खूश व्हायचं त्याचं वय राहिलं नव्हतं, तरी झाला.

"दादा, पाय सारखे मागेच जातात रे," अंकुश गाडी उभी करत म्हणाला. "फूटरेस्ट पुढे आहेत हे डोक्यात राहतच नाय. सरळ रोडला एक नंबर! खारघरहून नावड्यापर्यंत सोफ्यावर बसल्यासारखा आलो. पण हळू वळवली की पडायलाच बघते."

का ते रणजीतने बघताक्षणी ओळखलं होतं. हँडल वळलेलं असताना अंकुश पुढचा ब्रेक दाबत होता.

"होईल सवय," एवढंच तो म्हणाला.

घरात नवी गाडी आली की पहिली फेरी वडिलांची, आप्पांची, हा त्यांच्याकडचा रिवाज. सहा वर्षांपूर्वी रणजीतने उंच शेपटीची स्पोर्ट्स बाईक घेतली, तेव्हा आप्पा तिच्यावरही बसले होते. पण गेली दोन वर्षं "चला, सोडतो" म्हटलं की "रिक्षा बरी" म्हणून ते चालू लागत. वाशीच्या बाजारात तीस वर्षं पोती वाहिलेला माणूस. त्यांना 'का' विचारायची कुणाची टाप नव्हती. रणजीत मनातल्या मनात रुसून बसला होता. राहायचं थोरल्याकडे आणि त्याच्याच मागे बसायचं नाही!

त्याच्या बायकोने, सुनयनाने, गाडीला ओवाळलं, नारळ फोडला. आप्पांनी टोपी घडी करून खिशात ठेवली, हेल्मेट चढवलं, अंकुशच्या मागे सीटवर हात टेकला, पाय जरासा उचलला आणि बसलेसुद्धा.

"ब्येस हाय," ते म्हणाले.

रणजीतचा जळफळाट झाला.

"आज रिक्षा नको वाटतं, आप्पा?"

आप्पा हेल्मेटचा पट्टा आवळत बसले. अंकुशने मात्र गाडी स्टँडवर लावली आणि खाली उतरून रणजीतला बाजूला घेतलं.

"सीट खाली आहे ना, म्हणून ही घेतली मी. त्यांचा उजवा गुडघा धरलाय. तुझ्या गाडीवर चढताना दोनदा पडता पडता वाचले. दादाला सांगू नको म्हणाले, हौसेची गाडी विकायला काढेल."

"तुला कधी बोलले?"

"मागे रविवारी आलो तेव्हा जिन्यात दिसलं मला. एकेका पायरीवर थांबत होते. मी विचारलं."

रणजीत रोज तोच जिना त्यांच्या मागून चढत होता. म्हातारा फार वेळ लावतो, म्हणून मनात चरफडत.

अंकुशने परत बसून गाडी सुरू केली. आता ती आप्पांना घेऊन त्याच अरुंद गल्लीत वळणार होती. रणजीत पुढे झाला.

"थांब. वळताना पुढचा ब्रेक धरू नको. क्लच अर्धा, मागचा ब्रेक हलका. आणि चाकाकडे नाय बघायचं, जायचं तिकडे बघ."

"मग मघाशी का नाय बोललास?"

आप्पांचा उजवा पाय अजून लोंबकळत होता. रणजीत खाली बसला, एक हात मांडीखाली घातला, दुसऱ्याने चप्पल धरली आणि पाय उचलून फूटरेस्टवर नीट ठेवला.

"आरं, लोकं बघत्यात," आप्पा पुटपुटले. पण पाय त्यांनी मागे घेतला नाही.

मग त्यांनी अंकुशचा खांदा धरला. गाडी पुढे गेली, टोकाशी झुकली आणि एका दमात वळली.

"बघा, जमलं की भावजींना!" सुनयना म्हणाली.

"हो," रणजीत म्हणाला. कुणी शिकवलं, ते तिला सांगायचं धाडस त्याला झालं नाही; मघाशीच का नाही शिकवलं, तेही सांगावं लागलं असतं.