मालनच्या मानेतली सळई

मित्रांनो, मी टायटॅनियमची एक जुनी सळई. जुनी म्हणजे मालनच्या मानेत बसून तीन वर्षं झालेली. लांबीला तुमच्या करंगळीएवढी. मणके सरकून मालनच्या हातातली शक्ती जात होती, म्हणून नौपाड्यातल्या डॉक्टरांनी मला आणि माझ्या जोडीदारणीला स्क्रूंनी तिच्या मणक्यांवर घट्ट बसवलं. मालन पुन्हा कोपरीच्या बाजारात मासळी विकायला बसली. "लोखंड हाय माझ्या मानेत!" असं गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायची. लोखंड म्हटलं की मला राग यायचा, पण बरंही वाटायचं.

मग ती मला विसरली. त्याचं काही नाही. पण गेल्या महिन्यात माझ्या अंगाला काहीतरी चिकट लागलं. जंतू! कुठून आले, देव जाणे. माझ्यात रक्त वाहत नाही, त्यामुळे त्यांना हुसकावणारं कुणी पोचेना. मेले माझ्यावरच ठाण मांडून बसले. मालनची मान ठणकू लागली, संध्याकाळी कणकण येऊ लागली, बोटांना मुंग्या येऊ लागल्या. मी आत नुसती तळमळत होते. अगं बाई, जा ना डॉक्टरांकडे!

सून अक्षदा तेच म्हणाली. मालन उसळली, "आपरेशनला तीन वर्सं झाली. आता त्याचं काय? लचक भरलीय. दगडूला बोलव."

दगडू तिचा दीर, पायाळू. म्हणजे जन्मताना त्याचे पाय आधी बाहेर आलेले. अशा माणसाचा पाय लागला की लचक जाते, असं मानतात. मालन पालथी झोपली. माझं तर धाबंच दणाणलं! आत साचलेला पू मानेतल्या मज्जारज्जूला टेकलेला. वरून जोर पडला असता तर तिचे हातपाय कायमचे गेले असते. आणि मी ओरडू कशी?

दगडूने मानेवर पाय टेकवला आणि चटकन उचलला.

"वहिनी, इथं चटका लागतोय. फुगलंय पन. लचक अशी तापत नाय."

"घाबरतोस काय रे? दे पाय!"

"नाय म्हंजे नाय. अक्षदा, रिक्षा आन."

त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी पू काढला. तीन वर्षांत मणके एकमेकांना जुळून आले होते, आमच्या आधाराची गरज उरली नव्हती, म्हणून आम्हा दोघींनाही काढलं. मालन शुद्धीवर आल्यावर डॉक्टर तिला म्हणाले, "मावशी, मूठ वळा." मालनने वळली. दगडू दारातच रडू लागला.

मी ट्रेमध्ये पडून आहे. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, घरात कुणाच्या अंगात माझ्यासारखं काही बसवलेलं असेल आणि तिथे दुखू लागलं, तर किती वर्षं झाली ते बघू नका. डॉक्टरांना आधी आमच्याबद्दल सांगा. आम्हाला सांगता येत नाही हो.