दहा हुकांचा फलक

मी एक जुना लाकडी फलक आहे. अंगावर पितळेचे दहा हुक, एकाखाली एक. मित्रांनो, सुताराने सागवानाचा उरलेला तुकडा रंधून मला घडवले ते एका लॉजसाठी. पंधरा वर्षे मी खोल्यांच्या किल्ल्या सांभाळल्या. लॉज बंद पडले आणि मी भंगारात गेलो. तेथून मला ज्यांनी उचलले, ते माझे मालक छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापण्यापूर्वी मजकुरातल्या चुका हुडकणे हे त्यांचे काम.

त्यांना दुसरे वेड चित्रपटांचे. दरवर्षी एका मोठ्या पुरस्कारासाठी दहा चित्रपटांना नामांकन मिळे. मालक ते दहाही पाहत, प्रत्येकाचे नाव पुठ्ठ्याच्या पट्टीवर सुवाच्य अक्षरात लिहीत आणि निकालापूर्वी स्वतःच्या पसंतीच्या क्रमाने माझ्यावर टांगीत. पहिला वर, दहावा तळाशी. नियम एकच, पूर्ण पाहिल्याशिवाय पट्टी टांगायची नाही. एका तिसऱ्या क्रमांकासाठी त्यांनी शेजारच्या वकिलांशी सलग दोन रविवार वाद घातला होता. मालकीणबाई म्हणत, "स्थळं बघताना एवढी चिकित्सा केली असती, तर मी तरी सुटले असते." येणारे पाहुणे मात्र चहाआधी माझ्याकडे पाहत, आणि मला धन्य वाटे.

मग ते वर्ष आले. दहांपैकी एका चित्रपटाचे संकलन मालकांच्या धाकट्या भावाने केले होते. घरचाच चित्रपट, कधीही पाहता येईल, असे म्हणत मालकांनी तो अगदी शेवटी ठेवला. निकालाच्या आदल्या दुपारी ते चित्रपटगृहात गेले आणि मध्यंतरातच परतले. छापखान्यातून तातडीचे बोलावणे होते. उभ्याउभ्याच त्यांनी उरलेली पट्टी दहाव्या हुकाला अडकवली.

"अर्धाच पाहिलात ना?" मालकीणबाईंनी विचारले.

"चार पानं वाचली की मला पुस्तक कळतं. आणि भावाला वर बसवलं, असं कुणी म्हणायला नको."

दुसऱ्या दिवशी धाकटे आले. अंगाने उतरले होते. माझ्यावरून त्यांची नजर सावकाश खाली गेली.

"दहावा का, दादा?"

"शेवटामुळे. शेवटी पात्रं बोलतच सुटतात. तिथे कात्री चालवायला हवी होतीस."

धाकट्यांनी भावाकडे जरा वेळ पाहिले. "बरं," एवढेच म्हणाले, चहा संपवला आणि गेले. त्या खोलीत ते पुन्हा आले नाहीत.

काही महिन्यांनी त्यांचा रक्ताचा आजार उघड झाला. तो त्यांना आधीपासून ठाऊक होता. मालक रुग्णालयात जाऊ लागले. परतले की मालकीणबाई विचारीत, अर्धाच पाहिल्याचे सांगितले का त्यांना? मालक म्हणत, आज त्याला थकवा होता. आज डॉक्टर आत होते. आज विषय निघाला नाही. मग एके दिवशी मालकीणबाईंनी विचारले नाही, कारण विचारण्यासारखे काही उरले नव्हते.

पुढच्या आठवड्यात मालकांनी तो चित्रपट माझ्यासमोर बसून पूर्ण पाहिला. शेवटच्या वीस मिनिटांत एकही पात्र एक शब्दही बोलत नाही.

धाकट्यांची पत्नी आली, तेव्हा ती पट्टी मालकांच्या हातात होती. त्यांनी सगळे सांगितले. ती शांतपणे म्हणाली, "त्यांना त्याच दिवशी कळलं होतं, दादा. मी म्हटलं, सरळ विचारून टाका. तर म्हणाले, दादा आपणहून सांगेल. चूक सापडली की मशीनवर चढलेला छपाईचा फर्मा उतरवून घेणारा माणूस आहे तो. सात महिने वाट बघितली त्यांनी."

ही पट्टी कुठे लावू, असे मालकांनी विचारले.

"आता कुठेही लावा."

मालकांचा हात पहिल्या हुकापर्यंत गेला आणि थांबला. धाकटे गेले म्हणून दिलेला पहिला क्रमांक मालकांना मान्य होईना; दहावा तर खोटाच होता. पट्टी त्यांनी खिशात ठेवली. त्यानंतर माझ्यावर कोणत्याही वर्षाचे काही टांगले गेले नाही. माझे पितळ हिरवे पडले आहे. मला पुसून ठेवा, असे मी कोणालाही सांगणार नाही.

मित्रांनो, तुम्ही क्रमांक खुशाल लावा, आवडीनिवडीवरून कडाडून भांडा. परंतु कोणाचे काम अर्धेच पाहिले असेल, तर तसे त्याला सांगा, आणि तो चहा पीत समोर बसला असेल तेव्हाच सांगा.