जांगच्या रांजणाचे ऊन

१९८८ साल. सप्टेंबरात सोलमध्ये ऑलिंपिकचे खेळ भरायचे होते, म्हणून आदल्या वर्षीच ओक-बुनचे घर पाडले गेले. घर टेकडीवर होते आणि टेकडी मोठ्या रस्त्यावरून दिसायची, एवढाच त्याचा गुन्हा. शेजारपाजारच्या तीसेक बिऱ्हाडांनी मिळून शहराबाहेर हमरस्त्याकाठी पडीक जमिनीची एक पट्टी घेतली आणि खोल्या बांधायला काढल्या. भिंती कमरेएवढ्या झाल्या तोच साहेब आले. खेळांची मशाल याच रस्त्याने जाणार, तेव्हा रस्त्यावरून झोपडे म्हणून दिसता कामा नये. होत्या त्या भिंती पाडल्या. जमीन मात्र लोकांच्या नावावर होती, ती काही काढून घेता येईना. मग लोकांनी जमिनीत खड्डे खणले, वर ताडपत्री घातली आणि खाली राहू लागले.

"हिवाळ्यात किमचीच्या कोबीचे रांजण पुरतो ना, तसं पुरलंय आपल्याला," शेजारीण चिल-सोंगची आई म्हणायची. "वसंतात उकरून बघा, छान आंबलेलो असू!"

ओक-बुनला हसू यायचे, पण हसायलाही अंगात त्राण लागते. नवरा जाऊन सहा वर्षे झाली होती. मुलगी मि-सुक केसांच्या टोपांच्या कारखान्यात होती आणि तिथेच राहायची. खड्ड्यात उरल्या दोघी: पंचेचाळिशीची ओक-बुन आणि डोळे गेलेली तिची सासू.

आणि सासूचा रांजण.

रांजणात जांग होते. सोयाबीन आंबवून मिठाच्या पाण्यात मुरवायचे, महिन्यांनी जो काळा रस सुटतो तो जांग. त्याच्यावाचून भाजी नाही की सार नाही. दर वर्षी नवे जांग जुन्यात मिसळायचे, त्यामुळे तळाशी कुणा खापरपणजीच्या हातचे थोडे असतेच. कोरियाच्या लढाईत सासू उत्तरेतून पळून आली ती पाठीवर सहा-सात वर्षांचे मूल आणि कमरेला जांगची बाटली बांधून. ते मूल म्हणजे ओक-बुनचा नवरा. तो गेला, जांग राहिले. जांगची चव फिरली की घर बसते, असे तिकडे म्हणतात. सासू म्हणायची काही नाही, फक्त रोज बोट बुडवून चाखायची. टेकडीवरचे घर गेले, पण चव फिरली नव्हती. तेवढ्यावर म्हातारीचे घर अजून उभे होते.

किमची पुरलेली चालते. जांगला ऊन लागते. सकाळी झाकण काढायचे, ऊन उतरले की ठेवायचे, आभाळ असेल त्या दिवशी हात लावायचा नाही. यात चुकले की वर बुरशी धरते.

मे महिन्यात रस्त्याच्या कडेने फळ्यांचे कुंपण आले, दीड पुरुष उंच. रस्त्याच्या अंगाला त्यावर देवदारांचे रान रंगवले होते. रस्ता पूर्वेला, मागे पश्चिमेला रेल्वेचा बांध, मध्ये ती चिंचोळी पट्टी. सकाळचे ऊन कुंपणाने खाल्ले, दुपारचे बांधाने. रांजण बांधावर न्यावा तर रस्त्यावरून दिसणार. आठवडाभरात सासू बोट चाखून म्हणाली, "सूनबाई, याला थंडी लागतेय."

ओक-बुन कचेरीत गेली. दोन तास बाकावर बसल्यावर कारकुनाने मान वर केली.

"काय हवंय?"

"कुंपणाची एक फळी, साहेब. सकाळी दोन तास काढीन, परत लावीन."

"कशासाठी?"

"जांगला ऊन दाखवायला."

"बाई, सगळं जग आपल्या घरी पाहुणं येतंय, आणि तुम्ही रांजण काय घेऊन बसलात! दुकानात बाटल्या मिळतात की."

"तुमच्याकडे दुकानातलं आणतात?"

कारकुनाने पुढ्यातले कागद सारखे केले. "माझी आई गावाहून पाठवते," म्हणाला आणि त्याने पुढच्या माणसाला हाक मारली.

फळी निघाली ती कुंपणाच्या राखणदारामुळे. प्यो त्याचे नाव, कंत्राटी माणूस, गुडघेदुखीने सदा वैतागलेला. "मि-सुकची आई, मला काही विचारू नका आणि मी काही ऐकलं नाही," तो म्हणाला, आणि त्याने एका फळीचे खालचे खिळे ढिले केले. "आठ ते दहा. कुणी हटकलं तर गंजले म्हणून सांगेन."

सासूने त्याला जांगची बाटली पाठवली. "नको, नको" म्हणत त्याने ती कोटात घातली.

सबंध उन्हाळा असा गेला. पुढे पुढे सासू स्वतःच चाचपत जाऊन फळी सरकवायला शिकली. ऊन आलेले तिला गालावर कळायचे. त्या दोन तासांत ती रांजणापाशी बसून काहीबाही पुटपुटायची, आणि खड्ड्यात सार चढवता चढवता ते ऐकून ओक-बुनला वाटायचे, आपण टेकडीवरच आहोत.

मशालीच्या आदल्या दिवशी प्यो आला. "उद्या मी नाही, दुसरे आहेत. फळीला हात लावू नका. आणि रस्त्यावर झेंडे हलवायला माणसं कमी पडताहेत, तुम्ही बायका जा. चार लोकांत दिसलात म्हणजे तुमच्या रांजणाकडे कोण बघतंय?"

"गाडलेल्यांनी झेंडे हलवायचे?" चिल-सोंगच्या आईने विचारले. "बरं आहे. हात तेवढे वर काढू."

सकाळी ओक-बुनने धुतलेला झगा घातला. सासूला सगळे सांगायचे तर ती भांडली असती: मशालीचं आणि माझ्या उन्हाचं काय वाकडं? मग समजूत काढा, परत सांगा. ओक-बुनला इतका कंटाळा आला होता की ती सोपे तेच बोलली.

"आई, आज आभाळ आलंय. झाकण काढू नका."

"बरं," सासू म्हणाली.

खरे तर नुसते धुके होते. नऊला ते फाटले आणि लख्ख ऊन पडले. ओक-बुन कागदी झेंडा घेऊन समोरच्या कडेला रांगेत उभी होती. दुरून पांढरा धूर दिसला, पळणाऱ्यांचा घोळका दिसला, लोक ओरडू लागले. आणि त्याच वेळी समोरच्या रंगवलेल्या देवदारांतला एक देवदार हलला. बाजूला सरकला. मागच्या काळ्या भोकातून एक सुरकुतलेला हात आला आणि हवेत पालथा-उताणा होऊन ऊन तपासू लागला.

मशालीमागच्या गाडीतल्या साहेबाने पाहिले. तो दोघा माणसांना काही म्हणाला. ते घाईतही नव्हते, रागातही नव्हते; कुंपणाला वळसा घालून आत गेले. ओक-बुनच्या पुढ्यात पोलिसांची साखळी होती. मशाल समोरून गेली. तिला ओरडायचे होते, पण तिचा झेंड्याचा हात आपला हलतच राहिला. तो थांबवायचा असतो हेही तिला सुचले नाही.

ती पोहोचली तेव्हा रांजणाची खापरे झाली होती. माती काळी पडली होती आणि त्या ओल्या मातीत बोटे घालून सासू बसली होती.

"आभाळ आलंय म्हणालीस."

"हो, आई."

"ऊन होतं."

"हो."

ओक-बुन खाली बसून खापरे वेचू लागली.

तिसऱ्या दिवशी प्यो आला. सासूने दिलेली बाटली त्याने कोटातून काढली; अर्धी उरली होती. सासूने बोट बुडवून चाखले आणि कपाळाला आठी घातली.

"यात मासळी कुणी घातली?"

"बायकोने... टिकावं म्हणून."

"टिकायला माझं मीठ कमी पडलं होतं का?" म्हातारी म्हणाली. मग सुनेकडे तोंड फिरवून म्हणाली, "रांजण बघ कुठे मिळाला तर. लहान चालेल."

खेळ संपले त्याच दिवशी प्योची नोकरी संपली. पुढे तो एका इमारतीचा पहारेकरी झाला आणि गुडघे चालत होते तोवर ओक-बुनकडून वर्षाला जांगची एक बाटली घेऊन जायचा. कुंपणाच्या फळ्या लोकांनी उचलून खड्ड्यांवर घातल्या, रंगाची बाजू खाली; त्या हिवाळ्यात सगळे देवदारांकडे बघत झोपले. चिल-सोंगची आई मुलाकडे बंदरावर गेली. तिची खबर नंतर लागली नाही. ती जमीन आज पुलाच्या कमानीखाली आहे. सासूने पुढच्या वसंतात नवे जांग घातले, त्यात प्योच्या बाटलीतले मिसळले, दोनदा चाखले, बरे म्हणाली नाही की वाईट म्हणाली नाही. पुढच्या थंडीत एका तळघरातल्या खोलीत ती वारली. कारकून खूप वर्षांनी बाजारात दिसला, दुकानातली बाटली घेताना. त्याने ओळखले नाही.

ओक-बुन आता ऐंशीच्या पुढे आहे. मि-सुककडे नवव्या मजल्यावर राहते. गच्चीला काचा आहेत. रोज आठला ती खिडकी सताड उघडते आणि रांजणाचे झाकण काढते. काढण्याआधी हात बाहेर घालून ऊन बघते, डोळे चांगले असूनही. "आई, थंडी येतेय," मि-सुक आतून ओरडते. ओक-बुन बोट बुडवून चाखते. छत्तीस वर्षे तिने त्यात नवे जांग घातले, तरी तिच्या जिभेला मागून मासळी लागतेच.