सुधारणा करायची का?

सोलापूरजवळच्या कुंभारीत, घरकुल वसाहतीत, शिवलीला आणि जुलेखा यांच्या घरांमध्ये एकच भिंत होती, आणि तीही शिवलीलाला पातळ वाटायची. पलीकडचं मशीन किती वेळ चाललं, दोरा कितीदा तुटला, हे तिला भाजी चिरता चिरता कळायचं. दोरा तुटला की भाजी छान बारीक चिरली जायची.

दोघींनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून भरतकामाची एकसारखी कॉम्प्युटर मशीनं घेतली होती. खोक्यावर छापलं होतं : ‘दीडशे नक्षी, कायमच्या मोफत.’ त्यातल्या पिसारा फुलवलेल्या मोरावर दोघींची घरं चालायची. पार मैंदर्गीपासूनच्या लग्नाच्या पोरी ब्लाउजच्या पाठीवर तोच मागायच्या.

मग एका सोमवारी शिवलीलाच्या मशीनच्या पडद्यावर मराठीत अक्षरं उमटली : ‘सुधारणा करायची का?’ इतक्या अदबीनं तिला सासरीसुद्धा कुणी काही विचारलं नव्हतं. शिवाय सुधारणा म्हणजे आपण जुलेखाच्या पुढं. तिनं ‘होय’ दाबलं. मशीन सुधारलं आणि मोर गेला. दीडशेतल्या बारा नक्षी उरल्या. बाकीच्यांवर कुलूप, महिन्याची वर्गणी भरा आणि उघडा.

“मॅडम, होय तुम्हीच दाबलंय,” कंपनीतली मुलगी फोनवर म्हणाली.

“सुधारणा म्हणून दाबलं की! काढून न्या म्हणून न्हाय!”

नवरा अमरेश म्हणाला, “विकताना जे देतो म्हणाले, ते मागनं काढून कसं घेतील? ग्राहक आयोगात जाऊ. खोकं कुटं हाय?”

खोकं भंगारात गेलं होतं.

“मग मोर आधी फुकट होता, हे दाखवायचं कशावर?” असं म्हणून त्यानं भिंतीकडं बघितलं. जुलेखानं मशीनला कधी नेटच जोडलं नव्हतं. पलीकडं मोर जोरात चालले होते.

“तिच्या दारात मी? मेले तरी न्हाय जायची.”

आठ दिवस गेले. तेवढ्यात तीन गिऱ्हाइकं कापड घेऊन शिवलीलाच्याच दारात थांबली. “अक्का, जुलेखाभाभी हितंच राहतात न्हवं?” तिनं तिघींनाही बोटानं दार दाखवलं. बोट दुखायला लागलं.

नवव्या दिवशी जुलेखा स्वतःच आली. “अक्का, जरा येता का? माझ्या भाचीनं मशीनला नेट जोडलंय. आता ते विचारायलंय, सुधारणा करायची का म्हणून. क्या करूं? होय दाबू?”

शिवलीलाच्या जिभेला पाणी सुटलं. एक शब्द, आणि दोन्ही घरांत बारा-बारा नक्षी!

ती गेली. मशीनवर अर्धा मोर भरून झाला होता. टाके इतके एकसारखे होते की तिला नाव ठेवायला एकही सापडला नाही. “दाब...” म्हणेपर्यंत जुलेखाचं बोट पडद्याजवळ गेलंसुद्धा. आणि शिवलीलाला भिंतीकडं बघणारा अमरेश आठवला. हा मोर गेला तर आपला कुठला परत यायला!

“थांब! हात लावू नको!”

तिनं स्वतः ‘नंतर’ दाबलं, नेट तोडायला लावलं आणि मग सगळं सांगितलं.

“या अल्ला! आठ दिवस बोलला न्हाई तुमी? मला वाटलं, तुमी काम कमी केलं.”

“व्हय, केलं की कमी,” शिवलीला दात आवळून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघी सोलापुरात ग्राहक आयोगाबाहेर, तक्रार लिहून देणाऱ्या टायपिस्टसमोर बसल्या. मोबाइलवर जुलेखाच्या मशीनचा व्हिडिओ होता, पिशवीत तिचं जपून ठेवलेलं खोकं. टायपिस्टनं वाचलं : “शेजारीण जुलेखा यांच्या, सुधारणा न केलेल्या मशीनवर हीच नक्षी आजही उत्तम निघते.”

“उत्तम कशाला? निघते, एवढं बास की.”

“ताई, उत्तम लिहिलं नाही तर कंपनी म्हणेल, नक्षीच खराब होती म्हणून काढली.”

जुलेखा छताच्या पंख्याकडं बघत होती. हसत नव्हती, पण पदर तोंडावर होता.

शिवलीलानं सही केली. एकदा नाही, तीनदा; तीन प्रती होत्या.

“भाऊ,” जुलेखा हळूच म्हणाली, “एक झेरॉक्स मला पन द्या.”