डॉक्टरांनी इंजिन बदललं

दातांच्या डॉक्टरांचा जीव त्यांच्या लाल, बुटक्या, दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमध्ये अडकलेला. गाडी वयाने डॉक्टरांपेक्षा थोडीच लहान. एका रविवारी चढणीवर तिच्या इंजिनातला रॉड इंजिनाची भिंतच फोडून बाहेर आला आणि डॉक्टर रस्त्यातच मटकन बसले. आयुष्यभर लोकांचे दात निर्विकारपणे उपटणारा माणूस, पण त्या दिवशी डोळे पुसत होता.

तसलं इंजिन आता कुठे मिळेना. जुन्या गाड्यांच्या क्लबात सल्ल्यांचा मात्र पूर आला. एक म्हणाला, आठ सिलिंडरचं दणकट टाका. ते बसवायला बॉनेट कापावं लागलं असतं, आणि बहुधा डॉक्टरांचे पायही. दुसरा म्हणाला, विजेची मोटर लावा. त्याच्याशी डॉक्टरांनी बोलणंच टाकलं.

त्यांच्या मेकॅनिकला सगळे वस्ताद म्हणत. सगळ्यात जास्त तो स्वतःच. त्याने टेप लावून जागा मोजली. "हलकं हवं, बुटकं हवं आणि चालू हवं." दोघांनी भंगाराची आवारं पालथी घातली. शेवटी डॉक्टरांच्या अंगणात चहा पिताना वस्तादाची नजर डॉक्टरांच्या पत्नीच्या, म्हणजे बाईंच्या, छोट्या राखाडी गाडीवर गेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"छे छे, ती तिची आहे," डॉक्टर म्हणाले.

"वहिनी आहेत कुठे?"

"लेकीकडे, बाळंतपणाला."

"मग उभ्या उभ्या गंजायचं की हो इंजिन! आपण चालतं ठेवू. त्या येईस्तोवर दुसरं शोधून त्यांच्या गाडीत टाकू."

डॉक्टरांनी या नैतिक प्रश्नावर सखोल विचार सुरू केला. तोवर वस्तादाने बॉनेट उघडलंही होतं.

राखाडी गाडीत इंजिन आडवं होतं, लाल गाडीत ते उभं बसवायचं होतं. जुन्या गिअरबॉक्सला जोडायला जाड प्लेट बनवून घेतली, खालचं ऑइल चेंबर कापून उथळ केलं, बॅटरीला जागा उरेना म्हणून ती डिकीत गेली. इंजिन सुरू झालं तर आवाज शिलाई मशीनचा! डॉक्टरांचा चेहरा पडला. मग वस्तादाने सायलेन्सर बदलून असा गुरगुराट काढून दिला की शेजाऱ्यांच्या खिडक्या थरथरल्या. आत शेळी, बाहेर वाघ.

या आनंदात दुसरं इंजिन शोधायचं तेवढं राहून गेलं, आणि बाई परत आल्या.

डॉक्टर मोठ्या ऐटीत लाल गाडी घेऊन त्यांना स्टेशनवर आणायला गेले. डिकीत बॅटरी, त्यामुळे बॅगा बाईंच्या मांडीवर. गाडी सुरू झाली तशा बाई सावध झाल्या. शाळेत गाणं शिकवण्यात त्यांचा जन्म गेलेला. वर्गाकडे पाठ असली तरी बेसूर कोण ते सांगायच्या.

"अहो, बंद करून पुन्हा सुरू करा बरं."

डॉक्टरांनी केली.

"आधी दोनदा खोकते, मग सुरात येते. माझी गाडी अशीच खोकते."

"अगं, आवाजात आवाज मिसळतात..."

"माझी गाडी कुठे आहे?"

"घरीच आहे."

"सगळी?"

डॉक्टरांनी गिअर बदलला. विषय मात्र बदलता आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी हात पुढे केला. "किल्ली द्या. इंजिन माझं, पत्रा तुमचा. हवा तर पत्रा काढून घ्या."

पुढचे काही आठवडे डॉक्टर बसने दवाखान्यात गेले. आता त्यांना इंजिन शोधायची अशी घाई सुटली की वस्तादाला धाप लागली. राखाडी गाडीसाठी अखेर एक मिळालं. डॉक्टरांना वाटलं, सुटलो. पण बाई म्हणाल्या, "तीच वापरा तुम्ही. मला हिची सवय झालीय." क्लबानेही बाईंना सभासद करून घेतलं, विजेच्या मोटरवाल्याच्या शिफारशीवरून.

एकदा सिग्नलला दोन्ही गाड्या शेजारी शेजारी थांबल्या. लाल गाडीतून गुरगुराट, राखाडी गाडीतून काही नाही. डॉक्टरांनी काच खाली केली.

"अगं, ऑइल बघतेस ना वेळच्या वेळी? चेंबर उथळ आहे तिचं!"

सिग्नल हिरवा झाला. बाईंना त्या आवाजात काही ऐकू आलं नाही, आणि त्या निघून गेल्या.